पंचवीसचं टेबल

माधव गेला तो मंगळवार होता. मी टेबलावर होते. माझी ब्रेकची वेळ झाली नव्हती, तरी बदलीच्या डीलरने खांद्याला हात लावला. मी टाळी वाजवली, तळवे दाखवले, टेबल सोडलं. फोनवर आमचा मुलगा निखिल होता. त्याने सांगितलं. मी गाडी काढली आणि घरी आले.

त्यानंतर मी कामावर गेले नाही.

मराठी मंडळाच्या अंकासाठी कामाविषयी लिहा, असं यंदा संपादकांनी सुचवलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. मग वाटलं, आपल्यातल्या बऱ्याच जणांना मी काय काम करत होते हे अजून नीट माहीत नाही. पहिली काही वर्षं कुणी विचारलं तर माधव म्हणायचा, "ती हॉस्पिटॅलिटीत आहे." मी म्हणायचे, "हॉटेलात, शिफ्ट्स असतात." दोन्ही खरं होतं. मी अटलांटिक सिटीच्या एका कॅसिनोत फाशांच्या टेबलावर डीलर होते. वेस्ट विंडसरहून गाडीने जायला दीड तास लागायचा आणि त्या दीड तासात मी ऑडिओ पुस्तकं ऐकायचे. मराठीत एम.ए. केलेल्या बाईने हे काम का घेतलं, असं ज्यांना वाटतं त्यांना सांगते: जाहिरात आली होती, शिकवणार होते, आणि मला घरात बसवत नव्हतं. नंतर ते आवडायला लागलं.

या खेळाला क्रॅप्स म्हणतात. टेबल लांबलचक बाथटबसारखं असतं. उंच कडा, आत हिरवं कापड, कापडावर छापलेले चौकोन. खेळणारे सगळे उभे. खुर्च्या नसतात. आतल्या बाजूला आम्ही: पैसे घेणारे-देणारे दोन डीलर, लांब काठीने फासे सरकवणारा एक, आणि मध्ये बसून सगळ्यांवर लक्ष ठेवणारा एक. खेळाडू पाळीपाळीने दोन फासे फेकतात, आणि एकाच्या फाशांवर सगळं टेबल पैसे लावतं. म्हणूनच तिथे ओळखपाळख नसलेली माणसं एकमेकांना मिठ्या मारतात.

नियम वाटतात तितके अवघड नाहीत. पहिल्या फेकीत सात किंवा अकरा आले तर जिंकलात. दोन, तीन, बारा आले तर गेलात. बाकी काही आलं, समजा नऊ, तर तो नऊ पुन्हा येईपर्यंत फेकत राहायचं. मध्ये सात आले की खेळ संपला, फासे पुढच्या माणसाकडे. म्हणजे सुरुवातीला जे सात हवेहवेसे असतात, तेच पुढच्या फेकीपासून नकोसे होतात. एकदा खेळ रंगला की टेबलावर कुणी 'सात' हा शब्द उच्चारत नाही. आम्हीही नाही. मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. घरातून निघताना 'जाते' न म्हणता 'येते' म्हणणाऱ्या माणसांत मी वाढले आहे.

आणि हात. या कामात सगळं हातांवर असतं. खेळाडूने फाशांना एकच हात लावायचा, म्हणजे फासे बदलायला वाव राहत नाही. पैसे डीलरच्या हातात द्यायचे नाहीत, टेबलावर ठेवायचे. डीलरने टेबल सोडताना टाळी वाजवून तळवे उलटसुलट करायचे. छतातल्या कॅमेऱ्याला दिसायला हवं की जाताना हात रिकामे आहेत. ही सवय अंगात इतकी भिनते की मी पोळ्या लाटून ओट्यापासून वळले तरी टाळी वाजवायचे. निखिल लहानपणी त्याच्या मित्रांना सांगायचा, "माय मॉम अप्लॉड्स हर ओन कुकिंग."

एकदा आपल्याच मंडळींची बस आली. वैद्यकाका आणि काकू माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. मी त्यांना ओळखलं. गणवेशात, केस मागे बांधलेली मी काही त्यांच्या लक्षात आले नाही. काकूंनी नोट पुढे केली. मी बोटाने टेबल दाखवलं. त्यांनी नोट आणखी पुढे केली.

"अहो, ही बया हातात घेतच नाही," त्या काकांना म्हणाल्या. "माझ्या हाताला काय लागलंय?"

"अगं, त्यांचा काही नियम असेल."

"कसला नियम! देणाऱ्याच्या हातातून घेऊ नये असा?"

आमच्या छातीवरच्या पट्टीवर नावाखाली गावाचं नाव असतं. काकूंनी चष्मा वर करून ती वाचली. "चित्रा, नागपूर. अगं! तू माधवची चित्रा ना? गणपतीत अथर्वशीर्षाला पुढे बसतेस ती?"

टेबलावर इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही, हाही एक नियम. मी म्हटलं, "प्लीज प्लेस इट ऑन द टेबल, मॅम."

"आता मॅम झाले का मी!"

तेवढ्यात फासे काकांकडे आले. त्यांनी ओंजळ केली, फासे ओंजळीत घेतले, कपाळाला लावले आणि डोळे मिटले. मधला माणूस ओरडला, "वन हॅंड, सर! वन हॅंड!" काकांना कळेना. आपण कुठलीही मोठी वस्तू दोन्ही हातांनी घेतो, आणि एका हाताने घेणं उद्धटपणाचं मानतो. त्या टेबलावर ते नेमकं उलट होतं. फासे बदलावे लागले, तपासणी झाली, सगळे खोळंबले. काकांना इतकं शरमल्यासारखं झालं की त्यांनी फासे काकूंना देऊन टाकले. काकूंनी ते एका हाताने, भाजीवाल्याकडे कांदे टाकावेत तसे फेकले आणि पुष्कळ वेळ जिंकत राहिल्या.

पुढच्या रविवारी मंडळाचं पॉटलक जेवण होतं. मी धसका घेऊनच गेले. काकूंनी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, "हिच्या टेबलावर वीस माणसं किंचाळतात आणि ही एकटी शांत. आपल्या कमिटीच्या मीटिंगला हिलाच मध्ये बसवा." त्या दिवसापासून माधवने हॉस्पिटॅलिटी हा शब्द सोडला.

आता मिनिममविषयी. प्रत्येक टेबलाशी एक पाटी असते: कमीत कमी किती लावायचे. मी लागले तेव्हा दुपारी पाच-दहा डॉलरची टेबलं असायची. कोविडनंतर टेबलं कमी झाली आणि पाट्या बदलल्या. पंधरा, मग पंचवीस. माणसं तीच, त्यांचे खिसे तेच. दहाच्या टेबलावर जशी खेळत तशीच ती पंचवीसच्या टेबलावर खेळायची. लाइनवर, म्हणजे फेकणाऱ्याच्या जिंकण्यावर लावायचे, सहावर, आठवर, शिवाय वाटेल त्या चौकोनावर. मग एक सात येतात आणि आम्ही कापडावरचे सगळे पैसे पुसून घेतो. एकदा बेलव्ह्यूहून कॉन्फरन्सला आलेला आपला एक मुलगा सगळे आकडे भरून म्हणाला, "काकू, यार, ही सिस्टीम मी सिम्युलेट केलीय." चार फेकींत तो फोनवर हॉटेलची खोली कॅन्सल करत होता. जाताना मात्र "थॅंक यू काकू" म्हणाला. घरचे संस्कार.

याउलट मिस्टर टोबिन. निवृत्त प्लंबर, दर आठवड्याला येणारे. पंचवीसची पाटी लागली त्या दिवशी ते खिशात हात घालून नुसते बघत उभे राहिले आणि परत गेले. पुढच्या आठवड्यात आले ते वेगळेच होऊन. फक्त लाइनवर पंचवीस. सहा नाही, आठ नाही. आकडा ठरल्यावर त्या पंचविसाच्या मागे थोडेसे आणखी. या मागच्या पैशांना ऑड्स म्हणतात. सगळ्या टेबलावर एवढीच जागा अशी आहे की जिथे कॅसिनो स्वतःसाठी काही कापून घेत नाही. बाकी प्रत्येक चौकोनात थोडं थोडं कापलं जातंच. मी त्यांना म्हटलं, खेळ बदलला तुमचा. ते म्हणाले, "पूर्वी मी पूर्ण जेवण घ्यायचो. आता नुसतं सूप. पण सूप गरम असतं."

लोक मला जिंकायची युक्ती विचारतात. ती नाही. महागड्या टेबलावर एकच गोष्ट आपल्या हातात असते, ती म्हणजे किती वेळ उभं राहायचं. त्यासाठी कमी जागा धरायच्या.

हे मी माधवला सांगितलं तेव्हा तो आजारी होता. तो संख्याशास्त्रातला माणूस. औषधांच्या चाचण्यांची गणितं मांडण्यात त्याची सगळी नोकरी गेली. माझ्या कामाकडे त्याने कधी तुच्छतेने पाहिलं नाही, पण कुतूहलानेही नाही. खेळाचं गणित त्याला पाठ होतं आणि गणित कळलं की त्याच्या लेखी गोष्ट संपायची. केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर एका दुपारी तो म्हणाला, "चित्रा, मला शिकव."

"तुला काय शिकवायचं? तुला सगळं येतं."

"कागदावर येतं. फेकायचे कसे ते येत नाही."

मी कापडाच्या दुकानातून हिरवं फेल्ट आणलं, त्यावर चौकोन आखले आणि डायनिंग टेबलवर अंथरलं. पुस्तकं लावून कडा केल्या. पलीकडच्या भिंतीला लागून फासे परत आले पाहिजेत, म्हणून तिकडे जाड पुस्तकं लावली. माधव फासे दोन्ही हातांत घेऊन खुळखुळवायचा.

"एक हात, माधव."

"काय बिघडतं?"

"मी तुला हाकलून देईन, एवढंच."

"स्वतःच्या घरातून?"

"स्वतःच्या टेबलावरून."

जेवण आम्ही त्याच कापडाच्या एका कोपऱ्यावर करायचो. वरणाचा एक डाग 'नऊ'च्या चौकोनावर पडला तो धुऊनही गेला नाही. त्या दिवसांत डॉक्टरांनी तिसरी फेरी सुचवली. निखिल ॲशबर्नहून आला होता. तो म्हणाला, "बाबा, यू हॅव टू ट्राय एव्हरीथिंग." माधव फासे एका हातात फिरवत होता. तो म्हणाला, "तुझी आई म्हणते, टेबल महाग झालं की सगळीकडे लावायचं नसतं." निखिल माझ्याकडे बघायला लागला. हे मी औषधांविषयी म्हटलेलं नव्हतं. पण खोडूनही काढलं नाही. तिसरी फेरी झाली नाही. त्याऐवजी माधवने मोजक्या गोष्टी ठेवल्या: सकाळी व्हरांड्यात चहा, निखिलशी रोज फोन, संध्याकाळी मी काहीतरी वाचून दाखवायचं. आणि एक मागणी. खऱ्या टेबलावर एकदा स्वतः फासे फेकायचे.

माझ्या कॅसिनोत नियमामुळे ते शक्य नव्हतं, म्हणून आम्ही दुसरीकडे गेलो. आठवड्याच्या मधल्या वाराची दुपार निवडली, म्हणजे पंधराचं टेबल मिळेल. माधवने बरोबर घेतलेली रक्कमही पंधराच्या हिशोबाची होती. पोचलो तर एकच टेबल चालू होतं आणि पाटीवर पंचवीस.

"परत जायचं?" मी विचारलं.

"मिस्टर टोबिन काय करतात?"

"सूप."

"मग सूप."

आमच्या बाजूची डीलर डेनिस निघाली. ती आमच्याकडे होती तेव्हा तिला मी शिकवलं होतं. तिने मला पाहिलं, माधवला पाहिलं, आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. चांगली डीलर आहे ती. फासे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते. माधवच्या आधी चार जण. लाइनवर पैसे असल्याशिवाय फेकायला मिळत नाही, आणि दुसऱ्यांच्या पाळीत हात बांधून उभं राहणं माधवला पटेना. त्याने आधीच ठरवलं होतं: दुसऱ्यांच्या फाशांवर फक्त लाइन. मागे ऑड्स लावायचे ते स्वतःच्या फाशांवर. मी शिकवलं म्हणून म्हणत नाही, पण ते बरोबर होतं.

पहिले तिघे पटापट गेले. माधवच्या पैशांच्या चिप्स कमी झाल्या, पण पुरेशा उरल्या. चौथा आमच्या शेजारचा, मासेमारीची टोपी घातलेला धिप्पाड माणूस. त्याचा आकडा आठ ठरला. आणि त्याचे फासे थांबेचनात. आठ आले, सगळे जिंकले. पुन्हा नवा आकडा, तोही आला. टेबल ओरडायला लागलं. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली. माधव जिंकत होता. मी त्याचे हात बघत होते. टेबलाच्या कडेवर ठेवलेल्या हातांची बोटं पांढरी झाली होती. पैसे पुरतील की नाही याचा विचार आम्ही घरी कितीतरी केला होता. पाय पुरतील की नाही याचा केला नव्हता. जिंकणं लांबत चाललं होतं आणि तो खचत चालला होता.

"जाऊया का?" मी म्हटलं.

"फासे शेजारच्या माणसाकडे आलेत, चित्रा."

डेनिसने मान न वळवता मागे काहीतरी सांगितलं आणि एक उंच स्टूल आलं.

"नको," माधव म्हणाला. "बाकीचे उभे आहेत."

"बाकीचे नुसत्या वरणभातावर उभे नाहीत. बस."

तो बसला. टोपीवाल्याचा आणखी एक आकडा आला. सगळ्यांनी हात वर केले. आणि मी, इतकी वर्षं टेबलावर तो शब्द न उच्चारलेली, इंग्रजीशिवाय न बोललेली मी, मोठ्याने म्हणाले, "सात येऊ दे रे देवा."

माधवने वळून माझ्याकडे पाहिलं. "अगं, माझे पैसे आहेत तिथे!"

"असू देत."

टोपीवाल्याने विचारलं, "व्हॉट डिड शी से?"

"शी इज प्रेइंग," माधव म्हणाला.

"गॉड ब्लेस यू, मॅम. कीप इट कमिंग!"

मी तसंच केलं. सगळं टेबल एका बाजूला आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला. माधव कडेवर कपाळ टेकून हसत होता, त्याचे खांदे हलत होते. आजारपण सुरू झाल्यापासून तो तसा हसलेला मला आठवत नव्हता. पुढच्या की त्याच्या पुढच्या फेकीत सात आले. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, डेनिसने कापड पुसून घेतलं. टोपीवाल्याने माझ्याकडे वळून टोपीला हात लावला. "चालली तोवर छान चालली तुमची प्रार्थना," तो म्हणाला.

मग काठीवाल्याने पाच-सहा फासे माधवपुढे सरकवले. दोन निवडायचे असतात. तो स्टुलावरून उठला. उजव्या हाताने दोन फासे उचलले. आणि त्याचा डावा हात आपोआप उजव्या कोपराखाली गेला, तीर्थ घेताना जातो तसा. मधला माणूस पुढे झुकला. डेनिसने त्याच्याकडे पाहिलं. फाशांना एकच हात लागला होता. कोपराविषयी नियम नाही. मधला माणूस पुन्हा मागे टेकून बसला.

माधवने फेकले. पलीकडच्या भिंतीला लागून परत आले. सात. पहिल्या फेकीतले, जिंकायचे सात. टेबल ओरडलं. दुसरी फेक नऊ. नऊवर वरणाचा डाग आहे, असं तो माझ्या कानात म्हणाला, आणि शिकवल्याप्रमाणे लाइनच्या मागे ऑड्स ठेवले. मग पाच. मग सात, नको असलेले.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

उरलेल्या चिप्स त्याने टेबलावर ठेवल्या, हातात दिल्या नाहीत. त्यातल्या काही डीलर मंडळींसाठी सोडल्या. मग वळण्याआधी त्याने टाळी वाजवली आणि डेनिसला तळवे दाखवले, उलटे आणि सुलटे. खेळाडूने असं करायचं नसतं. डेनिसने इतका वेळ सांभाळलेला चेहरा तेवढ्यावर सुटला. परतीच्या वाटेवर तो पूर्ण वेळ झोपला होता आणि मी पुस्तक लावलं नाही.

त्या मंगळवारी सकाळी मी रजा टाकणार होते. निखिल घरी होता, नर्स येऊन गेली होती. माधव म्हणाला, "इथे बसून माझ्याकडे बघू नकोस. टेबलावर जा." मी दारातून म्हटलं, "येते." तो म्हणाला, "ये."

अस्थी आम्ही होडीतून किनाऱ्यापासून आत नेल्या. मी पिशवीत उजवा हात घातला आणि सोडायला लागले. निखिल हळूच म्हणाला, "आई, बोथ हॅंड्स. गुरुजींनी सांगितलंय." मी दुसरा हातही लावला. पिशवी रिकामी झाल्यावर मी टाळी वाजवली आणि तळवे वर केले, मग खाली. मला ते करून झाल्यावर कळलं.

"व्हॉट वॉज दॅट?" निखिलने विचारलं.

"पाळी संपली की करायचं असतं."

मग त्यानेही केलं.

डायनिंग टेबलवर हिरवं कापड अजून आहे. पुस्तकंही तशीच लावलेली आहेत. फासे 'नऊ'वर ठेवले आहेत. मी जेवायला किचनच्या काउंटरवर बसते.